प्रस्तावना : काचेवरचे आकाश

१८८२ सालच्या सप्टेंबरात एक धूमकेतू इतका तेजस्वी झाला, की भर दिवसा तो सूर्याशेजारी दिसू लागला. दक्षिण आफ्रिकेतल्या केप वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांना त्याचे छायाचित्र हवे होते. त्यांनी जवळपासच्या एका छायाचित्रकाराची मदत घेतली, त्याचा कॅमेरा दुर्बिणीवर बांधला, दुर्बीण आकाशाबरोबर फिरती ठेवली आणि प्लेट तास-दोन तास उघडी ठेवली. धूमकेतू उत्तम आला. गिल यांची नजर मात्र खिळली ती त्याच्या मागे पसरलेल्या ताऱ्यांवर. मागितला होता एक धूमकेतू. काचेने न मागता ताऱ्यांचा सबंध पट टिपून दिला होता.

छायाचित्रांच्या साहाय्याने होणाऱ्या आकाशसर्वेक्षणाची सगळी कथा या प्रसंगात बीजरूपाने आहे. प्लेटला आवडनिवड नसते. तिच्यासमोर जे येते ते ती नोंदवते, आणि त्या नोंदीतून काय विचारायचे हे ठरवणारा माणूस कधी कधी पन्नास-शंभर वर्षांनी जन्माला येतो. खगोलशास्त्रातल्या कित्येक मोठ्या शोधांचा पुरावा शोध लागण्याआधीच कुठल्या तरी कपाटात पडून होता. प्रस्तुत पुस्तक या कपाटांविषयी, ती भरणाऱ्या माणसांविषयी आणि आज त्यांची जागा घेणाऱ्या संगणकांविषयी आहे.

सर्वेक्षण म्हणजे नेमके काय, हे नवख्या वाचकासाठी आधी स्पष्ट केलेले बरे. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे देखणे छायाचित्र काढणे हे सर्वेक्षण नव्हे. आकाशाचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा शक्यतो सारख्याच दुर्बिणीने, सारख्याच पद्धतीने आणि ठरावीक मंद ताऱ्यांपर्यंत टिपायचा, कुठलाही तुकडा रिकामा किंवा कंटाळवाणा म्हणून वगळायचा नाही, हे सर्वेक्षण. जमीन मोजणारा भूकरमापक जसा पडीक रानही मोजतो, तसाच हा उद्योग. त्यात थरार कमी, शिस्त जास्त. शंभर रात्री चांगल्या गेल्या आणि एकशे एकाव्या रात्री ढग आले, तर त्या एका तुकड्यासाठी पुन्हा वर्षभर थांबायचे.

कॅमेरा येण्यापूर्वीही हे काम होत होते. जर्मनीतल्या बॉन इथे फ्रीडरिश आर्गेलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ सेंटिमीटरहून लहान भिंगाच्या दुर्बिणीतून एकेक तारा डोळ्यांनी पाहून ३,२४,१८८ ताऱ्यांची सूची १८५९ ते १८६२ या काळात प्रसिद्ध केली. डोळ्यांनी केलेल्या कामाची ही परिसीमा होती. पण डोळ्याला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे तो प्रकाश साठवू शकत नाही. क्षणभरात जे दिसले नाही ते तासभर रोखून पाहिले तरी दिसत नाही. दुसरी म्हणजे डोळ्याने पाहिलेले पुन्हा तपासता येत नाही. निरीक्षक चुकला की बरोबर होता, हे ठरवायला वहीतली नोंद तेवढी उरते.

छायाचित्रणाने या दोन्ही मर्यादा ओलांडल्या, पण लगेच नाही. चंद्राचे डॅगेरोटाइप १८४० मध्ये अमेरिकेत जॉन विल्यम ड्रेपर यांनी काढले. १८५० मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत अभिजित ताऱ्याची प्रतिमा उमटली. सूर्याखेरीज कुठल्याही ताऱ्याचे हे पहिले छायाचित्र. अभिजितसारख्या ठळक ताऱ्यालाही तेव्हा सुमारे शंभर सेकंद लागले, मग अंधूक ताऱ्यांचे नावच नको. पुढे आलेल्या कोलोडियनच्या प्लेटा ओल्या असतानाच वापराव्या लागत. काही मिनिटांत त्या वाळत आणि निकामी होत. १८७० च्या दशकात जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे कण बसवलेल्या कोरड्या प्लेटा आल्या, तेव्हा चित्र पालटले. आता प्लेट तासन्‌तास उघडी ठेवता येऊ लागली. हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये मृगातल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले, आणि दोनच वर्षांनी गिल यांचा धूमकेतू आला.

गिल यांनी पुढे दक्षिण आकाश पद्धतशीर टिपायला घेतले. मध्येच अनुदान आटले, तेव्हा त्यांनी पदरचे पैसे घालून काम चालू ठेवले. पण प्लेटा काढणे हे निम्मेच काम; त्यांवरचा प्रत्येक ठिपका मोजायचा कोणी? हे ओझे नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या याकोबुस काप्टाइन यांनी आपणहून उचलले. त्यांच्याकडे स्वतःची वेधशाळाच नव्हती. मोजमाप, गणित आणि छपाई यांत बारा-तेरा वर्षे गेली. १८९६ ते १९०० या काळात प्रसिद्ध झालेल्या सूचीत ४,५४,८७५ तारे होते. दुर्बीण आफ्रिकेत, मोजणारा युरोपात, आणि आकाश काचेवर बसून समुद्रमार्गे प्रवास करते आहे, अशी ही श्रमविभागणी होती. आजची सगळी सर्वेक्षणे याच वाटेने चालतात. निरीक्षक आणि संशोधक एकच असण्याची गरज तेव्हाच संपली.

यानंतर या क्षेत्रात तीन-चार निरनिराळ्या परंपरा तयार झाल्या. त्यांचे हेतू वेगळे, स्वभाव वेगळे आणि नशीबही वेगळे.

पहिली परंपरा पॅरिसची. पोल आणि प्रॉस्पेर ऑंरी या बंधूंनी छायाचित्रणासाठी खास घडवलेल्या दुर्बिणीवर भाळून पॅरिस वेधशाळेचे संचालक अॅडमिरल मूशे यांनी एप्रिल १८८७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषद बोलावली. १९ देशांचे ५६ प्रतिनिधी आले. ठरले असे, की जगभरच्या अठरा वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घ्यायचे, सर्वांनी ३३ सेंटिमीटर भिंगाच्या सारख्या दुर्बिणी वापरायच्या आणि दोन गोष्टी सिद्ध करायच्या: अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची अचूक स्थाने देणारी सूची, आणि चौदाव्या प्रतीपर्यंतचा छापील नकाशा. ताऱ्याची प्रत जितकी मोठी तितका तो मंद. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे जेमतेम दिसतात, हे लक्षात घेतले म्हणजे संकल्पाचा आवाका कळेल.

नकाशाच्या प्लेटांसाठी केलेली एक युक्ती मोठी नामी होती. एकाच प्लेटवर, दुर्बीण किंचित सरकवत, तीन वेळा छायाचित्र घ्यायचे. प्रत्येक तारा तीन ठिपक्यांचा चिमुकला त्रिकोण होऊन येई. एकटा ठिपका दिसला तर तो धुळीचा कण किंवा काचेतला दोष, आणि त्रिकोण वेडावाकडा दिसला तर तो सरकता लघुग्रह.

या कामाचा एक धागा मराठी वाचकाच्या घराजवळून जातो. चिलीमधल्या सांतियागो वेधशाळेला तिच्या वाट्याचा पट्टा झेपला नाही, तेव्हा उणे १७ ते उणे २३ अंश क्रांतीमधले, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या १७ ते २३ अंश दक्षिणेकडचे, आकाश हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आले. नवाब जफर जंग या खगोलवेड्या सरदाराने इंग्लंडहून दुर्बिणी आणवून ही वेधशाळा उभारली होती. त्यांच्या निधनानंतर निजाम सरकारने ती चालवायला घेतली. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता, म्हणजे औरंगाबाद, बीड, नांदेडच्या रयतेचा सारा ज्या तिजोरीत जाई त्याच तिजोरीतून हे आकाश मोजले जात होते. १९१४ पासून रॉबर्ट पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली प्लेटा घेतल्या गेल्या, मोजल्या गेल्या, खंडांमागून खंड छापले गेले. नंतर उत्तरेकडचा आणखी एक पट्टा हैदराबादने पूर्ण केला. याच वेधशाळेत वडील नोकरीला असल्यामुळे दुर्बिणीच्या सहवासात वाढलेला एक मुलगा पुढे हार्वर्डला गेला, आणि १९४९ मध्ये स्वतः घेतलेल्या प्लेटवर त्याला एक धूमकेतू सापडला. तो मुलगा म्हणजे वेणू बाप्पू, आधुनिक भारतीय खगोलशास्त्राच्या शिल्पकारांपैकी एक.

व्हॅटिकनच्या वाट्याला आलेल्या पट्ट्याचे मोजमाप चार जोगिणींनी केले. १९१० ते १९२१ या काळात सूक्ष्मदर्शकावर वाकून त्यांनी ४,८१,२१५ ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या. त्यांची नावे मात्र कित्येक दशके कोणाला ठाऊक नव्हती.

पॅरिसचा संकल्प यशस्वी झाला का? त्या काळच्या मापाने पाहिले तर नाही. वेधशाळा थकल्या, दोन महायुद्धे आली, पैसा संपला. छापील नकाशा अपुराच राहिला. सूची पुरी व्हायला १९६० चे दशक उजाडले, तोवर ती जुनाट वाटू लागली होती. तिच्यापायी युरोपातल्या वेधशाळा दोन पिढ्या अडकून पडल्या आणि ताऱ्यांच्या भौतिकशास्त्रात अमेरिका पुढे निघून गेली, अशी टीका आजही होते. तीत तथ्य आहे. पण १९९० च्या दशकात हिप्पार्कस उपग्रहाने ताऱ्यांची स्थाने नव्याने मोजली, तेव्हा एका जुन्या, अचूक मोजमापाची गरज पडली. तारे आकाशात अत्यंत सावकाश सरकतात. ही निजगती मोजायची तर दोन नोंदींमध्ये जितका काळ जास्त तितके बरे. पॅरिसच्या सूचीतल्या सुमारे ४६ लाख ताऱ्यांची स्थाने संगणकात भरली गेली आणि त्यांच्या आधारे २००० साली २५ लाख ताऱ्यांच्या निजगतींची टायको-२ ही सूची तयार झाली. हैदराबादचे आणि त्या चार जोगिणींचे श्रम त्या सूचीत आहेत.

दुसरी परंपरा हार्वर्डची. पॅरिसच्या योजनेत एकही अमेरिकी वेधशाळा सामील नव्हती. हार्वर्डचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांचा विचारच निराळा होता. एकदा अचूक मोजून मोकळे होण्यापेक्षा तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपत राहावे, ही त्यांची रीत. अमेरिकेतून उत्तरेचे, पेरूमधल्या आरेकीपाहून दक्षिणेचे, असे दोन्ही गोलार्ध वर्षानुवर्षे टिपले गेले. शतकभरात पाच लाखांहून अधिक प्लेटांचा साठा जमला.

त्या वाचायला पिकरिंग यांनी स्त्रिया नेमल्या. वेतन ताशी पाव डॉलरच्या आसपास, पुरुषांपेक्षा पुष्कळच कमी. त्यांतल्याच विल्यमिना फ्लेमिंग यांनी घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा काळा मेघ प्लेटवर हेरला. ॲनी जंप कॅनन यांनी सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांचे वर्ग पाडले. आणि हेन्रिएटा लेविट यांनी मॅजेलनी मेघांतले १,७७७ रूपविकारी तारे शोधले. रूपविकारी म्हणजे ज्यांचे तेज कमी-जास्त होते असे तारे. १९१२ मध्ये त्यांतल्या २५ ताऱ्यांवरून लेविट यांनी दाखवून दिले, की ज्याचा तेजाचा फेरा लांब, तो तारा मुळात अधिक तेजस्वी. खरे तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. एडविन हबल यांनी १९२३ मध्ये देवयानी दीर्घिकेत असा तारा शोधून ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध केले, ते लेविट यांच्या या नियमाच्या बळावर. पिकरिंग यांनी प्लेटा काढायला घेतल्या तेव्हा विश्व किती मोठे आहे, हा प्रश्न त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

तिसरी वाट काप्टाइन यांनी सुचवली. सगळे आकाश मोजण्यात जन्म जाईल, हे स्वानुभवाने कळलेल्या या गृहस्थाने १९०६ मध्ये आकाशातली २०६ छोटी क्षेत्रे निवडली आणि जगभरच्या वेधशाळांना विनंती केली, की एवढ्याच भागांचे सखोल सर्वेक्षण करा. शितावरून भाताची परीक्षा. आकाशगंगेचा आकार अशा नमुन्यांवरून काढताना काप्टाइन यांना अवकाशातल्या धुळीने दगा दिला. धूळ दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश किती गिळते याचा अंदाज तेव्हा नव्हता, त्यामुळे सूर्य आकाशगंगेच्या मध्याजवळ असल्यासारखे दिसले. ही धूळ डोळ्यांपुढे आणली तीही छायाचित्रांनीच. एडवर्ड बर्नार्ड यांनी आकाशगंगेच्या पट्ट्यातले काळे खळगे वर्षानुवर्षे टिपले. ती रिकामी भोके नसून प्रकाश अडवणारे पदार्थ आहेत, हे मानायला स्वतः बर्नार्ड यांनाही बराच काळ लागला. त्यांचा चित्रसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १९२७ मध्ये निघाला.

मधल्या काळात सरकत्या वस्तू धरण्याचे शास्त्र वेगळे वाढले. हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी १८९१ मध्ये छायाचित्रावरून पहिला लघुग्रह शोधला. दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरत असल्याने तारे ठिपके होऊन येतात आणि लघुग्रह बारीक रेघ होऊन. पुढे ‘ब्लिंक’ यंत्र आले: एकाच भागाच्या दोन प्लेटा आळीपाळीने डोळ्यापुढे आणायच्या, म्हणजे स्थिर तारे जागच्या जागी राहतात आणि हललेला ठिपका उड्या मारताना दिसतो. अॅरिझोनातल्या लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या शेतकरी कुटुंबातल्या तरुणाने जानेवारी १९३० मध्ये घेतलेल्या दोन प्लेटा १८ फेब्रुवारीला या यंत्रावर लावल्या आणि त्याला प्लूटो सापडला. मग जुनी कपाटे धुंडाळली गेली. त्याच वेधशाळेच्या १९१५ सालच्या प्लेटांवर प्लूटो होता. दुसऱ्या एका वेधशाळेच्या १९०९ च्या प्लेटेवरही तो निघाला. ज्या पर्सिव्हल लोवेल यांनी अशा ग्रहाच्या शोधासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली, ते १९१६ मध्ये वारले तेव्हा त्याची प्रतिमा त्यांच्याच वेधशाळेत होती.

इथवरच्या दुर्बिणींची एक अडचण होती. खोलवर पाहणारी दुर्बीण आकाशाचा चिमूटभर भाग दाखवी; मोठा भाग दाखवणारी खोल पाहू शकत नसे. ही कोंडी हॅम्बुर्गजवळ बर्गेडॉर्फच्या वेधशाळेत काम करणाऱ्या बर्नहार्ड श्मिट यांनी १९३० मध्ये फोडली. लहानपणी दारूगोळ्याशी खेळताना उजवा हात गमावलेला हा कारागीर भिंगे-आरसे घासण्यात अद्वितीय होता. गोलीय आरशापुढे विशिष्ट वळणाची पातळ काच बसवून त्यांनी विस्तीर्ण भागाची रेखीव प्रतिमा मिळवली.

श्मिट पद्धतीची ४८ इंची दुर्बीण कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावर उभी राहिली आणि नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या पैशाने १९४९ मध्ये एक नवे सर्वेक्षण सुरू झाले. चौदा इंच लांब-रुंद काच, इतकी पातळ की वक्र प्रतिमेशी जुळवण्यासाठी ती चक्क वाकवली जाई. एका प्लेटेत आकाशाचे साडेसहा अंश, म्हणजे एका बाजूला बारा पूर्णचंद्र ओळीने मावतील एवढे. प्रत्येक भागाची एक निळी आणि एक लाल प्लेट शक्यतो लागोपाठ घ्यायची, म्हणजे वस्तूचा रंग ताडता येतो. १९५८ पर्यंत नऊशेहून अधिक जोड्या तयार झाल्या, आणि त्यांच्या छापील प्रती जगभरच्या वेधशाळांनी विकत घेतल्या. जॉर्ज एबेल या विद्यार्थ्याने या प्लेटा डोळ्यांखालून घालून दीर्घिकांच्या २,७१२ समूहांची यादी केली. ती आजही वापरात आहे. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंग इथल्या ब्रिटिश श्मिट दुर्बिणीने आणि चिलीतल्या ला सिया इथल्या युरोपीय श्मिट दुर्बिणीने दक्षिणेची बाजू भरून काढली. पालोमारचे दुसरे सर्वेक्षण १९८० च्या दशकात सुरू झाले, तोवर काच तीच असली तरी रसायन खूप सुधारले होते. प्लेटा वापरण्यापूर्वी नायट्रोजन-हायड्रोजनच्या वायूत शेकून त्यांची संवेदनशीलता वाढवली जाई.

एवढे करूनही प्लेट उधळी होती. तिच्यावर पडलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम एक-दोन कामी येत. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेली सीसीडी चकती शंभरातले ऐंशी-नव्वद पकडते, आणि प्रकाश दुप्पट तर नोंदही दुप्पट असा सरळ हिशेब देते. सुरुवातीच्या चकत्या नखाएवढ्या होत्या, त्यामुळे मोठ्या आकाशासाठी काच आणखी वीस-एक वर्षे टिकली. न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीवर ३० सीसीडींचा कॅमेरा लावून २००० साली स्लोन सर्वेक्षण सुरू झाले आणि काचेचे युग मागे पडले. स्लोनने आणखी एक मोठी गोष्ट केली: सगळी माहिती सर्वांसाठी खुली केली. २००७ मध्ये तिच्यातल्या दीर्घिका ओळखण्यासाठी सामान्य लोकांना हाक देण्यात आली, तेव्हा हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी विचित्र हिरवट-निळा ढग दिसला. तो त्या दीर्घिकेच्या केंद्रातल्या, आता मंदावलेल्या, प्रखर प्रकाशाने उजळलेला वायू निघाला. तिथे काही शोधावे असे कोणाच्याही मनात नव्हते.

मग जुन्या काचेची आज गरज काय? तिची जागा कुठलाही कॅमेरा घेऊ शकत नाही. १९०५ च्या रात्रीचे आकाश आता पुन्हा टिपता येणार नाही. १९६३ मध्ये ३सी २७३ या क्वेसारचे, म्हणजे ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण अतिदूरच्या प्रखर वस्तूचे, गूढ उकलले, तेव्हा हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफलाइट यांनी हार्वर्डच्या प्लेटांमधून त्याचा त्याआधीच्या सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास काढला. त्याचे तेज बदलत होते, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांएवढे तेज ओकणारी ती वस्तू आकाराने लहान असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलनी मेघात सुपरनोव्हा उजळला. तोही चिलीत इयन शेल्टन यांना एका प्लेटेवरच दिसला. तो भाग आधीच सर्वेक्षणात टिपलेला असल्यामुळे नेमका कुठला तारा फुटला हे सांगता आले. तो निळा महातारा होता. तांबडे महातारेच फुटतात, हा तोवरचा समज त्याने मोडला.

याच्या उलट अनुभवही आहे. हार्वर्डमध्ये १९५० च्या दशकात काटकसरीसाठी प्लेटा घेणे थांबवण्यात आले. जवळजवळ पंधरा वर्षांचा तो खंड आजच्या प्रत्येक आलेखात रिकामी जागा होऊन दिसतो. जानेवारी २०१६ मध्ये तिथेच जलवाहिनी फुटून सुमारे ६१ हजार प्लेटा पाण्यात गेल्या. त्या वाचवण्याची धडपड झाली, आणि चार लाखांहून अधिक प्लेटांचे अंकीकरण २०२४ पर्यंत पार पडले. सगळ्या वेधशाळांचे असे भाग्य नाही. जगभर कित्येक साठ्यांवर बुरशी चढते आहे, पाकिटांवरच्या नोंदी पुसट होत आहेत, आणि जागा अडते म्हणून कपाटे रिकामी करण्याचे बेत होत आहेत.

दुसरीकडे नव्या सर्वेक्षणांचा वेग चक्रावून टाकणारा आहे. पालोमारची तीच ४८ इंची दुर्बीण २०१८ पासून साठ कोटींहून अधिक पिक्सेलच्या कॅमेऱ्याने उत्तरेचे सबंध आकाश दोन-तीन रात्रींत टिपते. तिने दाखवलेल्या क्षणिक स्फोटांचा पाठपुरावा करणाऱ्यांत लडाखमधल्या हानले इथली ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे. ती भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी मिळून उभारली. गाया उपग्रहाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची स्थाने मोजली. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. तिचा ८.४ मीटरचा आरसा आणि ३२० कोटी पिक्सेलचा कॅमेरा दक्षिणेचे आकाश दहा वर्षे, दर काही रात्रींनी पुन्हा पुन्हा टिपणार आहे. पिकरिंग यांचीच ही रीत, फक्त प्रचंड प्रमाणावर. अडचणीही नव्या आहेत. २०१९ पासून हजारोंनी सोडलेल्या दळणवळण उपग्रहांच्या रेघा छायाचित्रांवर उमटतात आणि काही रेघा त्या छायाचित्रात मागचे तारे झाकून टाकतात.

मराठीत आकाशदर्शनाची चांगली पुस्तके आहेत. विश्वाच्या उत्पत्तीविषयी, कृष्णविवरांविषयी जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञांनी लिहिलेले वाचत एक पिढी मोठी झाली. या दोहोंच्या मधला मुलूख मात्र विरळ वस्तीचा राहिला. सिद्धान्त ज्या नोंदींवर उभे राहतात त्या येतात कुठून, त्या कोण करते, त्यांत चुका कशा शिरतात आणि कशा निस्तरतात, हे सांगणारे लेखन कमी झाले. प्रस्तुत पुस्तक त्या मुलखात शिरते. त्याचा रोख शोधांच्या यादीपेक्षा कामाच्या पद्धतीवर आहे: प्लेट कशी तयार होई, दुर्बीण ताऱ्यामागे कशी चालवत, ठिपक्याच्या आकारावरून तेज कसे काढत, आणि आज संगणक खरा तारा आणि खोटा ठिपका वेगळे कसे करतो. शास्त्रज्ञांच्या बरोबरीने मोजणाऱ्या, वर्ग पाडणाऱ्या, काचा धुणाऱ्या आणि कपाटे सांभाळणाऱ्या माणसांना इथे जागा आहे.

पुस्तकाने मर्यादाही आखून घेतल्या आहेत. सूर्याच्या छायाचित्रांची परंपरा, जिच्यात आपल्या कोडाईकनालचा शतकाहून जुना साठा मोलाचा आहे, इथे केवळ उल्लेखापुरती येते. रेडिओ आणि क्ष-किरण सर्वेक्षणांना स्वतंत्र ग्रंथच हवेत. नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे सर्वेक्षणही त्यामुळे बाजूला ठेवले आहे. गणित दहावीच्या पलीकडे जात नाही. विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाला इतिहासाचे भाग आधी वाचून यंत्रांकडे नंतर वळता येईल; दुर्बीण बाळगणाऱ्या हौशी निरीक्षकाने उलट क्रम धरला तरी बिघडणार नाही.

एक विनंती मात्र प्रत्येक वाचकाला आहे. हार्वर्डच्या जुन्या प्लेटा, पालोमारची अंकीकृत छायाचित्रे, स्लोन आणि गायाची माहिती हे सारे आज विनामूल्य खुले आहे. पॅन-स्टार्स सर्वेक्षणाच्या ताज्या छायाचित्रांवर लघुग्रह शोधण्याच्या मोहिमांत आपल्याकडचे शाळकरी विद्यार्थीही भाग घेतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. गावोगावी अशी मंडळे आहेत. हे पुस्तक वाचून झाल्यावर एखादा रूपविकारी तारा निवडावा, त्याचा शंभर वर्षांचा आलेख संगणकावर उघडावा आणि त्यातले चढउतार स्वतः वाचून पाहावेत. आणि आपल्या ओळखीच्या एखाद्या महाविद्यालयात किंवा वेधशाळेत जुन्या काचेच्या प्लेटा पडून असतील, तर त्या फेकल्या जाण्याआधी कोणा खगोलशास्त्रज्ञाला जरूर कळवावे.